बंगईवरचं इंग्रजी वाङ्मय

संशय हा आमच्या घरचा कुळाचारच होता. दूधवाल्यावर संशय, धोब्यावर संशय, मधल्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांवर तर पिढीजात संशय. बाबांचं गांधीबागेत कापडाचं घाऊक दुकान होतं आणि तिथल्या प्रत्येक ताग्याला एक चिठ्ठी टाचलेली असे. चिठ्ठीवर दोन-तीन अक्षरं. गिऱ्हाइकाला वाटायचं, कुठल्या तरी गिरणीची खूण असेल. ती खूण नव्हती, खरेदीचा भाव होता. कोणत्या अक्षराचा कोणता आकडा हे एकट्या बाबांना ठाऊक, आणि दिवाळीला ते सगळी अक्षरं बदलून टाकत. घाऊक कापडवाल्यांची ही जुनीच रीत. त्यामुळे अक्षरं ही मुळात काहीतरी लपवण्यासाठीच लिहितात, असं बाबांचं ठाम मत झालेलं होतं. अशा माणसाच्या मुलीनं एम.ए.ला इंग्रजी वाङ्मय घ्यायचं ठरवलं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. बी.ए.ला मला इंग्रजीत चांगले गुण पडले होते आणि विद्यापीठात प्रवेश मिळत होता. मला तो हवाच होता. इतका, की दोन दिवस मी घरात कुणाशी उलट बोलले नाही, आणि माझ्या स्वभावात ते बसत नाही. अडसर होता आत्याचा. आत्या बाबांची मोठी बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली आणि तेव्हापासून घरावर पहारा करणारी.

"मराठी घे म्हणा तिले," आत्या म्हणाली. "इंग्रजीत काय रायते? सगळ्या पिरमाच्या गोष्टी. पोरगी वाचून वाचून वाया जाईन."

"तुले कसं मालूम?" बाबांनी विचारलं.

"मले काहून नाही मालूम? तिच्या तोंडाकडे पाय जरा वाचताना."

बाबांनी खरंच माझ्या तोंडाकडे पाहिलं. कापड उजेडात धरून विरळ आहे का दाट हे पाहायची त्यांची जी नजर होती, तीच. मग त्यांनी आपला निवाडा दिला.

"शिक तू. पण काय शिकून राहिली ते मले रोज समजलं पायजे. मी दुकानातून आलो का बंगईवर बसन. तू इंग्रजी वाचून दाखवशीन अन् मंग मराठीत सांगशीन. ज्या दिवशी खोटं सापडलं, त्या दिवशी कॉलेज बंद."

झोपाळ्याला आमच्याकडे बंगई म्हणतात. ती मधल्या खोलीत टांगलेली होती, स्वयंपाकघराच्या दारासमोर. बाबा तिच्यावर मांडी घालून बसणार, आत्या खाली वाती वळत बसणार, आणि दारातून आईची पाठ दिसणार. आईला या प्रकरणात कुणी काही विचारलं नाही. तिला फारसं कधीच कुणी काही विचारत नसे. मीसुद्धा नाही.

अशी माझी दोन विद्यापीठं सुरू झाली. एक अमरावती रस्त्यावरचं आणि एक बंगईवरचं. पहिल्यात परीक्षा वर्षाअखेर होती, दुसऱ्यात रोज.

खऱ्या विद्यापीठातही विश्वासाचं वातावरण होतं असं म्हणवत नाही. आम्ही मूठभर मुली. तास सुरू होईपर्यंत मुलींच्या खोलीत थांबायचं, सर आले की त्यांच्या मागोमाग वर्गात शिरायचं, पुढच्या बाकांवर बसायचं आणि तास संपला की सरांच्याच मागे बाहेर पडायचं, असा शिरस्ता होता. मागे बसणाऱ्या मुलांना वाटे, सर मुलींना खासगीत महत्त्वाचे प्रश्न सांगतात. आम्हाला वाटे, मुलांनी ग्रंथालयातली कामाची पुस्तकं आधीच घरी नेऊन दडवली आहेत. आणि प्राध्यापकांना वाटे की या मुली स्थळ येईपर्यंत वेळ काढायला आल्या आहेत. एक सर तर हजेरी घेताना "अजून आहात का?" असं विचारायचे. मुलं हसायची. मला त्यांच्या डोक्यात हजेरीपट घालावासा वाटायचा, पण मी "येस सर" म्हणायचे.

बंगईवरचा पहिला वाद पुस्तकाच्या वेष्टणावरून झाला. पुस्तक मळू नये म्हणून मी त्याला खाकी कागद लावला होता. बाबांनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"झाकलं काहून?"

"खराब होऊ नये म्हणून."

"काढ."

काढलं. आत ग्रंथालयाची साधी काळी बांधणी. चित्र नाही, बाई नाही, काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. बाबांचं समाधान मात्र झालं नाही.

"आत काही नाही तं झाकलं काहून?" ते म्हणाले.

पहिल्या वर्षी कविता होत्या. आता कविता म्हटल्या की त्यात कुणीतरी कुणालातरी हाका मारत असणार, आठवणीनं झुरत असणार. इंग्रजीतून वाचायला भीती नव्हती. बाबांच्या इंग्रजीची धाव 'बेल', 'लॉट' आणि 'डिस्काउंट' यापलीकडे नव्हती. अडचण मराठीत होती. पहिल्याच संध्याकाळी एका कवितेतला प्रियकर खिडकीखाली येऊन उभा राहिला. समोर आत्या वाती वळत होती. मी एक श्वास घेतला आणि त्या प्रियकराचा भक्त करून टाकला. खिडकीतल्या बाईच्या जागी देव बसवला. भक्त रात्रभर देवळाच्या पायरीशी उभा राहतो आणि दार उघडण्याची वाट पाहतो, असं सांगितलं. आत्यानं वात हातात धरूनच डोळे मिटले. बाबा म्हणाले, "चांगली आहे."

मग ही युक्तीच झाली. प्रेयसी आली की देव. चुंबन आलं की आशीर्वाद. दारू प्यायलेला माणूस आला की त्याला ताप चढवायचा. त्या वर्षभरात मी इंग्रजी कवींना इतकं भजनी लावलं, की एक दिवस बाबा बंगई थांबवून म्हणाले, "इंग्रज लोक एवढे भक्त असन असं वाटलं नव्हतं गा." गा म्हणायला समोर कुणी पुरुष नव्हता, ते स्वतःशीच बोलत होते. थोड्या वेळानं पुढे म्हणाले, "अन् त्याईच्या देशात तापाची साथच दिसते सारखी."

मी मान खाली घालून पान उलटलं. ते थट्टा करत होते की खरंच विचार करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून भाव कुणालाच कधी कळला नव्हता. त्यावरच तर दुकान चालत होतं.

संशय घ्यायची त्यांची रीतही दुकानातलीच. मी एकदा बरंच लांब इंग्रजी वाचलं आणि त्यातलं अर्धं गिळून चार वाक्यांत मराठी उरकलं. बाबा म्हणाले, "थांब वं. धोतरभर इंग्रजी टाकलं अन् मराठीचा रुमालच कसा निघाला?" त्यानंतर मी सावध झाले. कापलं तितकं जोडायचं. एका उताऱ्यातून प्रेमपत्र काढलं की तिथे पावसाचं वर्णन घालायचं, बग्गीचं घोडं लंगडं करायचं, म्हातारी आजारी पाडायची. हळूहळू मला त्याची गोडी लागली. खोटं बोलते आहे याचं मला वाईट वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. दार उघडं ठेवायचं म्हणून मी पाय मध्ये घातला होता, एवढंच.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही जाणवायची, पण मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी मराठी सांगू लागले की स्वयंपाकघरातला खलबत्ता थांबायचा. वाटायचं, वाटण झालं असेल. मी थांबले की तो पुन्हा सुरू व्हायचा.

दुसऱ्या वर्षी एक जाडजूड कादंबरी लागली. नाव सांगत नाही. त्या पुस्तकाला माझ्या हातून पुरेसा त्रास झालेला आहे. गोष्ट होती एका कापडगिरणीच्या मालकाची आणि त्याच्या बायकोची. गिरणी म्हटल्यावर बाबा सावरून बसले. पहिल्यांदाच त्यांनी संशयाऐवजी चौकशी केली.

"माल कोणता काढत होता?"

पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं. "मांजरपाट," मी ठोकून दिलं.

"त्यात काय सुटन त्याले," बाबा काळजीनं म्हणाले.

तेव्हापासून तो गिरणीवाला त्यांचा माणूस झाला. त्याच्या संपाची, त्याच्या कर्जाची, जळालेल्या गुदामाची ते विचारपूस करत. बायको त्यांना विशेष आवडली नव्हती. "ती इतकी चूप काहून रायते?" असं त्यांनी दोन-तीनदा विचारलं. मी म्हटलं, स्वभाव. खरं तर त्या कादंबरीत तिच्या गप्प राहण्यावर पानंच्या पानं होती. तिला घरात काही कमी नव्हतं, नवरा मारत नव्हता, कुणी परका तिच्या मनात नव्हता. ती फक्त जेवणाच्या लांब टेबलाच्या एका टोकाला बसलेली असायची आणि तिला कुणी काही विचारायचं नाही. आणि शेवटी एका सकाळी ती एक पेटी उचलते, बंदरावर जाते, जहाजात बसते. जहाज सुटतं. कादंबरी संपते.

आता याचं काय करायचं? प्रियकर असता तर मी त्याला भाऊ केलं असतं. देव केलं असतं. पण बाई कुणासाठीच जात नव्हती. नुसतीच जात होती. असलं काही बंगईवर सांगणं म्हणजे दुसऱ्या दिवशी माझ्या विद्यापीठात जायच्या सायकलीला कुलूप. मी दोन संध्याकाळी डोकं दुखतं म्हणून टाळाटाळ केली. तिसऱ्या संध्याकाळी तिला बंदरावर नेलं, जहाजाच्या शिडीवर पाय ठेवायला लावला आणि नेमका तेवढ्यात निरोप आणवला की धाकट्या मुलाला ताप भरला आहे. ती धावत घरी येते. नवरा दार उघडतो. दोघंही रडतात.

"हं," बाबा म्हणाले. "पोरासाठी आली."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. स्वयंपाकघरात पितळी झाकण खाली पडल्याचा मोठा आवाज झाला आणि आत्या ओरडली, "हळू वं!"

हा शेवट घरात भलताच गाजला. आत्यानं तो दुसऱ्यांदा सांगायला लावला, मग शेजारणीसमोर तिसऱ्यांदा. दरवेळी मी त्यात थोडी भर घालत गेले. मुलाच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या आल्या, दारातला कुत्रा तिला ओळखून शेपूट हलवू लागला. आणि मग जे व्हायचं ते झालं. सहामाही चाचणीत त्या कादंबरीच्या शेवटावर प्रश्न आला, आणि मी घाईघाईत, पूर्ण भरवशानं, झोकदार इंग्रजीत, कुत्र्यासकट बाईला घरी आणून सोडलं.

कादंबरी शिकवणाऱ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. टेबलावर माझी उत्तरपत्रिका होती.

"हे कोणत्या गाइडमध्ये आहे?" त्यांनी विचारलं.

मी उत्तरपत्रिका उचलून वाचली.

"कुठल्याच नाही, मॅडम."

"मग ही बाई परत कशी आली? आणि हा कुत्रा कुणाचा?"

काय सांगणार होते मी? की आमच्या घरी ती परतच येते? की तिला परत आणलं नसतं तर मी तुमच्यासमोर उभीच नसते? ज्या वर्गात निम्म्यांनी ते पुस्तक उघडलंही नव्हतं, त्या वर्गात मी ते पुन्हा पुन्हा वाचून काढलं होतं, आणि नेमकी मीच न वाचता लिहिणारी ठरत होते. रागानं आणि लाजेनं माझे कान तापले.

"मूळ पुस्तक हातात तरी धरलंय का तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "लग्न ठरेपर्यंत बसायचं असेल तर बसा. पण मग असं काही लिहू नका." तेवढ्यावर त्यांनी मला सोडलं. पुढे त्या वर्षभर माझ्या प्रत्येक वाक्याकडे उसनी साडी नेसून आलेल्या बाईकडे पाहावं तशा पाहत राहिल्या.

आणि लग्नाचं म्हणाल तर तेही दारात येऊन थांबलंच होतं. अंतिम परीक्षा तोंडावर आलेली असताना आत्यानं अमरावतीचं एक स्थळ आणलं. मुलगा बँकेत अधिकारी. मुलाचे मामा, आई आणि तो स्वतः रविवारी पाहायला आले. माझा समज असा होता की हे सगळं मुद्दाम परीक्षेच्या आधी घडवलं जात आहे. आत्याचा समज असा होता की मी मुद्दाम जुनी साडी नेसले आहे. आत्याचं खरं होतं.

मी पोहे घेऊन गेले. बंगईवर पाहुण्यांना बसवलं होतं, बाबा खुर्चीवर. मामांनी मला वय, उंची, स्वयंपाक विचारून झाल्यावर बाबांकडे मोर्चा वळवला.

"एम.ए. इंग्रजी म्हणता. पण काय शिकते म्हणते ते घरी काही समजते का तुम्हाले?"

मला वाटतं, बाबा या प्रश्नाची दोन वर्षं वाट पाहत होते. त्यांनी उपरणं सावरलं.

"समजते म्हणजे? सगळं समजते. रोज वाचून दाखवते आमची पोरगी." आणि त्यांनी गिरणीवाल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. संप, कर्ज, गुदाम. मी तबक हातात धरून उभी. त्यांच्या तोंडून ऐकताना मला कळलं की त्यांनी माझा एक शब्द विसरलेला नाही. मी कुठल्या दिवशी घोडं लंगडं केलं होतं तेसुद्धा त्यांना आठवत होतं. ते बंदरावर आले. त्यांनी शिडीवर पाय ठेवला. त्यांनी निरोप आणला. "अन् मंग पोराचा ताप ऐकून ते बाई आली धावत वापस घरी," बाबा म्हणाले आणि विजयी मुद्रेनं मामांकडे पाहिलं.

मुलगा हसला.

"नाही काका," तो म्हणाला. "ती परत नाही येत. बी.ए.ला होतं आम्हाला हे पुस्तक. ती जहाजात बसून निघून जाते. ताप-बीप काही नाही त्यात. सोडून जाते ती नवऱ्याला."

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आत्या माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत सगळे देव, सगळे आशीर्वाद आणि सगळे ताप एकाच वेळी उतरताना मला दिसत होते. मी बाबांकडे पाहिलं नाही. मला फक्त एकच वाक्य ऐकू येत होतं. ज्या दिवशी खोटं सापडलं, त्या दिवशी कॉलेज बंद.

"तुमची छपाई जुनी असन," बाबा शांतपणे म्हणाले.

"छपाई कशी जुनी असेल काका? पुस्तक तेच..."

"जुनी असन," बाबा पुन्हा म्हणाले. "चहा घ्या."

पाहुणे चहा पिऊन गेले. आत्या माझ्यावर तुटून पडणार, तेवढ्यात बाबांनी तिला हातानं थांबवलं. ते बंगईवर जाऊन बसले, मला समोर बसायला सांगितलं आणि आत्याला म्हणाले, "तू जरा देवळात जाऊन ये." मग स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "ते दार लाव."

ते दार मी कधी लागलेलं पाहिलं नव्हतं. कडी गंजली होती. मी दार ओढून घेतलं.

"जहाज सुटलं?" बाबांनी विचारलं.

"हाव."

"कोणासाठी गेली?"

"कोणासाठीच नाही."

"नवरा मारत होता?"

"नाही."

"मंग?"

"तिले तिथं राहायचं नव्हतं."

बाबांनी उपरणं खांद्यावरून काढून मांडीवर ठेवलं. प्रियकर निघाला असता तर त्यांना सोपं गेलं असतं असं मला वाटलं. शिव्या घालायला कुणीतरी मिळालं असतं.

"अन् ते देव-बीव?" त्यांनी विचारलं. "पायरीवरचा तो भक्त?"

मी मान हलवली. रडू आवरत नव्हतं. "बंद करता का कॉलेज?" मी विचारलं.

"मी गिऱ्हाइकाले सांगतो, खरेदीच्याच भावात देऊन राहिलो," बाबा म्हणाले. "तो मानते का? नाही मानत. पण माल पसंत असला तं घेते." त्यांनी पायानं बंगईला एक झोका दिला. "पेपर देऊन टाक. अन् त्या अमरावतीवाल्याईले मी नाही म्हणून कळवतो. त्या पोराले मालूम होतं तं मनात ठेवायचं. चारचौघात मले पाडायले सांगतलं त्यानं."

मी त्यांच्या पायाशी वाकले. मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं.

"पण एक आहे," त्यांनी आवाज खाली आणला. "घरात हे सांगू नको. तुह्या आईले तं नकोच. त्याईच्यासाठी ते बाई वापसच आली. छपाई जुनी होती, संपलं."

मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं. मग त्यांनी स्वतः उठून दार उघडलं आणि ते देवळाच्या दिशेनं आत्याला आणायला गेले.

मी बशा उचलून स्वयंपाकघरात गेले. आई माझ्याकडे पाठ करून विळीवर वांगी चिरत होती. मी बशा नळाखाली ठेवल्या. मी घासायला बसणार तोच ती म्हणाली, "राहू दे. तू अभ्यासाले बस." मी निघाले.

"थांब वं," ती म्हणाली.

मी थांबले. ती वळली नाही. विळीवर तिचा हात थांबला होता.

"ते बाई. खरंच नाही आली नं वापस?"

बाबांना दिलेला शब्द अजून ताजा होता. खोटं तयार होतं, वर्षभर घोटलेलं, कुत्र्यासकट. मी आईच्या पाठीकडे पाहिलं. दोन वर्षं रोज ती माझ्यासमोर होती आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला गोष्ट कशी वाटली. घरात मी सगळ्यांवर संशय घेतला होता. तिच्यावर घ्यावा असं मला सुचलंच नव्हतं.

"नाही, आई," मी म्हटलं. "जहाज सुटलं."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि वांगी चिरू लागली.